फार दिवस उभ्या राहिलेल्या मोटारीचे दिवे

इसवी सन २०२० च्या मार्च महिन्याच्या १७ तारखेस पुरातत्त्व खात्यानें देशांतील आपल्या ताब्यांतल्या वास्तु प्रवाशांस बंद केल्या, आणि त्यांबरोबर वेरूळ व अजिंठा येथील लेणींहि बंद झालीं. तीं पुन्हां उघडलीं त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या १० तारखेस. आमच्या शहराचें नांव तेव्हां औरंगाबाद असें होतें. येथील ज्या कुटुंबांचें पोट प्रवाशांस लेणीं दाखविण्यावर चालतें त्यांनीं मध्यंतरींचे हे पावणेनऊ महिने कसे काढले तें त्यांनाच ठाऊक. जालना रस्त्यावरून मुकुंदवाडीच्या रेल्वेस्टेशनाकडे वळलें कीं गल्लीगल्लींतून त्यांच्या गाड्या भिंतींना टेंकून उभ्या दिसत. टपावर लिंबाचा पाला, कांचेवर धुळीचा थर, आणि पावसाळा लागल्यावर चाकांभोंवतीं वाढलेलें गवत. चिकलठाण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या नोकरदारांच्या गाड्यांचीहि पहिले कांहीं महिने हीच गत होती.

पुढें धंदा सुरू झाला. मालकांनीं गाड्या धुतल्या, किल्ली फिरविली, आणि समोरच्या फळीवर जणूं दिवाळी उजळली. तांबडे दिवे, पिंवळे दिवे, आणि पूर्वीं कधीं न पाहिलेलीं चिन्हें. कोणी घाबरून गाडी दोरानें ओढून मिस्त्र्याकडे नेली व तो मागेल तितके पैसे मोजले. कोणी "उभी राहिल्यानें असें होतेंच, चार मैल चालली कीं सगळें जाईल" असें म्हणून ती तशीच हांकली. यांपैकीं पहिल्यांत पैशाची हानि आहे व दुसऱ्यांत प्राणाची भीति आहे. खरी गोष्ट अशी कीं, फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे बहुतेक दिवे एकाच कारणामुळें लागतात. परंतु सगळेच त्या कारणामुळें लागत नाहींत, आणि जे लागत नाहींत तेच बहुधा जिवावरचे असतात. हे दोन प्रकार एकमेकांपासून कसे निवडावे एवढाच या पाठाचा विषय आहे. टाळेबंदी संपली म्हणून तो जुना झाला असें कोणी समजूं नये. उन्हाळ्याच्या सुटींत घरदार गांवीं जातें, मुलगा नोकरीसाठीं परदेशीं जातो, वडील आजारी पडतात, आणि गाडी दाराशीं दोन-तीन महिने उभी राहते. हें दर वर्षीं कोठें ना कोठें घडतच असतें.

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षां जुना आहे. घोड्याच्या गाडींत हांकणाऱ्याच्या पायांपुढें एक फळी उभी बसवीत. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल तिच्यावर आपटावा आणि बसणाऱ्याचे कपडे वांचावे एवढाच तिचा उपयोग. घोडा गेला, पण फळी राहिली, व पुढें तिच्यावर घड्याळासारखे कांटे आणि दिवे येऊन बसले. त्या दिव्यांचीं चिन्हें आज जगभर बव्हंशीं सारखीं आहेत, 'आय. एस. ओ. २५७५' या नांवाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत तीं नेमून दिलेलीं आहेत. म्हणून जपानी गाडीचा तेलाचा चंबू आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतून निघालेल्या गाडीचा तेलाचा चंबू एकच बोलतो. रंगांचा नियमहि सोपा आहे. तांबडा म्हणजे थांबा. पिंवळा म्हणजे लौकर पाहा. हिरवा व निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे एवढीच वर्दी. ज्याला चिन्हाचा अर्थ समजत नाहीं त्यालाहि रंगाचा अर्थ समजतो, आणि पहिला निर्णय घेण्यास तेवढें पुरतें.

आतां किल्लीची पहिली परीक्षा. किल्ली एक घर फिरवावी, पण इंजिन चालू करूं नये. या वेळीं जवळजवळ सर्व दिवे लागले पाहिजेत. गाडी आपल्या दिव्यांची हजेरी घेत असते. दोन-चार सेकंदांत त्यांतील कांहीं आपोआप विझतात. तेलाचा व बॅटरीचा दिवा मात्र इंजिन चालू होईपर्यंत राहतात. वर्गांत हजेरीच्या वेळीं जो मुलगा "हजर" म्हणत नाहीं त्याच्याकडे गुरुजींचें लक्ष आधीं जातें. येथेंहि जो दिवा मुळींच लागत नाहीं त्याच्याकडे आधीं पाहावें. तो दिवा जळलेला असेल, किंवा जुनी गाडी विकत घेतली असल्यास आधींच्या मालकानें दोष झांकण्यासाठीं तो काढून टाकलेला असेल. न लागणारा दिवा हा लागून राहिलेल्या दिव्यापेक्षां अधिक फसवा असतो. म्हणून किल्ली फिरविल्यावर कोणते दिवे लागले, कोणते विझले व कोणते राहिले, हें कागदावर लिहून घ्यावें. आजकाल फोनवर छायाचित्र काढतां येतें. तें तर फारच उत्तम.

या दिव्यांमागील यंत्ररचना वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस समजण्यास मुळींच कठीण नाहीं. प्रथम तेलाचा तांबडा चंबू घेऊं. इंजिनांत तेलाच्या वाटेवर एक लहानसा खटका बसविलेला असतो. तेलाचा दाब नसतो तेव्हां तो मिटलेला असून दिव्याची वीज त्याच्यांतून गाडीच्या लोखंडांत जाते, व दिवा लागतो. पंप फिरूं लागला, दाब आला, कीं आंतील पडदा ढकलला जाऊन खटका उघडतो आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा तेल किती आहे तें सांगत नाहीं. तेलाला दाब आहे कीं नाहीं तेंच सांगतो. तेल अगदीं कमी झाल्यावरच तो बोलतो, आणि तोंपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून उभी गाडी चालू करण्यापूर्वीं तेलाची पट्टी काढून, पुसून, पुन्हां घालून पाहणें हें दिव्याच्या भरंवशावर सोडूं नये. अनेक महिन्यांत सर्व तेल खालच्या भांड्यांत उतरलेलें असतें. त्यामुळें पहिल्यांदां इंजिन चालू केल्यावर हा दिवा नेहमीपेक्षां दोन-चार सेकंद अधिक रेंगाळतो, तें क्षम्य आहे. मनांत दहा अंक मोजावे. तोंपर्यंत दिवा विझला नाहीं तर इंजिन बंद करावें, आणि अॅक्सिलरेटर दाबून त्यास विझविण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये. तेलावांचून फिरणारें इंजिन कांहीं मिनिटांत आपलें अंग खाऊन टाकतें.

बॅटरीच्या दिव्याची कथा याहून मौजेची आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं, हा दिवा बॅटरी खराब झाल्याचें सांगतो. तसें नाहीं. इंजिन चालू असतांना बॅटरीत वीज भरणारें अल्टरनेटर नांवाचें यंत्र काम करतें कीं नाहीं, हें तो सांगतो. जुन्या धर्तीच्या गाड्यांत याची योजना पाहण्यासारखी आहे. दिव्याचें एक टोंक किल्लीमार्फत बॅटरीला जोडलेलें व दुसरें अल्टरनेटरला. इंजिन बंद असतांना एका टोंकाला १२ व्होल्ट व दुसऱ्याला जवळजवळ शून्य. म्हणून वीज वाहते व दिवा लागतो. इंजिन चालू झालें, अल्टरनेटर वीज उत्पन्न करूं लागला, कीं दुसऱ्या टोंकालाहि तितकाच दाब येतो. शेजारच्या दोन हौदांतील पाणी एका पातळीवर आलें म्हणजे मधल्या नळींतून थेंबहि जात नाहीं, तसेंच येथें होतें. दोन्ही टोंकांना वीज आहे, आणि म्हणूनच दिवा विझलेला आहे! विद्युद्दाबाचें अंतर नसेल तर प्रवाह नाहीं, हा नियम ज्याला पुस्तकावरून पटत नसेल त्यानें हा दिवा पाहावा. नव्या गाड्यांत हा कारभार संगणकाकडे गेला आहे, परंतु दिव्याचा अर्थ तोच राहिला आहे. फार दिवसांनीं गाडी चालू केल्यावर तो लागून राहिला तर बॉनेट उघडून अल्टरनेटरचा पट्टा पाहावा. तो वाळून चिरलेला, ढिला झालेला, किंवा उंदरानें कुरतडलेला आढळणें नवल नव्हे. कित्येक गाड्यांत तोच पट्टा इंजिनाचें पाणी खेळविणारा पंपहि फिरवितो. तो तुटला तर दिव्यापाठोपाठ उष्णतेचा कांटाहि चढूं लागतो.

तिसरा दिवा ब्रेकचा. वर्तुळांत उद्गारचिन्ह अशी त्याची खूण. पुष्कळ गाड्यांत एकाच दिव्याला दोन कामें दिलेलीं असतात. हॅंडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो, आणि ब्रेक ऑइलचें पात्र रिकामें होऊं लागलें तरी तो लागतो. पात्रांतील तरंगता बोंडा खालीं आला कीं खटका जुळतो. म्हणून प्रथम हॅंडब्रेक पूर्ण सोडून पाहावें. तरीहि दिवा राहिला तर मात्र "हॅंडब्रेकचाच असेल" असें म्हणून स्वतःची समजूत घालूं नये.

या तीन दिव्यांमागें साधे खटके आहेत. उरलेल्या बहुतेक दिव्यांमागें लहान लहान संगणक आहेत, आणि येथेंच बॅटरीचें महत्त्व येतें. मोटारीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून पूर्ण भरलेली व विसांवलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ च्या सुमारास ती अर्धी उरलेली असते, व १२ च्या खालीं गेली कीं ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन चालू असतांना मोजलें तर १३.८ पासून १४.५ पर्यंत आंकडा यावा. तो आला म्हणजे अल्टरनेटर ठीक आहे. यासाठीं लागणारें मापक यंत्र, ज्याला विजेचें काम करणारे मल्टिमीटर म्हणतात, तें फार महाग नसतें, आणि घरांत एखादा जिज्ञासु मुलगा वा मुलगी असेल तर तें खेळण्यापेक्षां अधिक काळ टिकतें.

गाडी बंद करून कुलूप लावलें तरी तिची वीज पूर्ण थांबत नाहीं. घड्याळ, चोरापासून रक्षण करणारी योजना, किल्लीची चाहूल घेणारा भाग, हे सारे जागे असतात. समजा, त्यांचा मिळून खर्च ०.०३ अँपिअर आहे. दिवसाच्या २४ तासांत ०.७२ अँपिअर-तास गेले. बॅटरी ४३ अँपिअर-तासांची असेल तर साठ दिवसांत ती संपली. आणि हा हिशेब नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत ती उष्णतेनें आपली आपणच अधिक वेगानें उतरते. शिवाय रिकाम्या स्थितींत पडून राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर क्षाराचे कठीण स्फटिक बसतात, व मग ती भरूनहि पूर्वीसारखी भरत नाहीं. ज्यांच्या घरीं इन्व्हर्टर आहे त्यांना हें दुखणें परिचयाचें असेल.

बॅटरी अशक्त असली म्हणजे इंजिन सुरू करतांना तिचा दाब क्षणभर नऊ व्होल्टांच्याहि खालीं कोसळतो. त्या क्षणीं गाडींतील संगणक अर्धवट बेशुद्ध होतात. एक दुसऱ्याला हांक मारतो, उत्तर येत नाहीं. तो तक्रार नोंदवितो व आपला दिवा लावतो. स्टिअरिंग हलकें करणारी मोटर, एअरबॅग, ए. बी. एस., इंजिन, किल्लीची ओळख, सगळ्यांच्या तक्रारी एकदम येतात. एका घरांत वीज गेली म्हणून पांच जणांनीं आरडाओरड करावी तसा हा प्रकार. पांच दिवे म्हणजे पांच रोग नव्हेत, हें येथें ओळखतां आलें पाहिजे.

आमच्या गल्लींतील एका गाडीची हकीकत येथें उपयोगी पडेल. लेणीं उघडणार अशी बातमी आल्यावर तिच्या मालकांनीं शेजाऱ्याच्या गाडीवरून वीज घेऊन आपली सात आसनांची डिझेल गाडी सुरू केली. इंजिन लागलें, पण सात दिवे विझेनात. एका मिस्त्र्यानें गाडी पाहून "मुख्य संगणकच गेला, नवा घालावा लागेल" असें सांगितलें. नऊ महिने मिळकत नसलेल्या घरांत तो आंकडा ऐकून काय झालें असेल तें सांगणें नको. त्यांचा मुलगा आमच्याकडे नववींत होता, तो संध्याकाळीं येऊन म्हणाला, "सर, तुमचें तें व्होल्ट मोजायचें यंत्र द्याल का?" आम्ही यंत्र घेऊन त्याच्याबरोबर गेलों.

इंजिन चालू असतांना मापकानें १४ च्या आसपास आंकडा दाखविला; म्हणजे अल्टरनेटरची शंका मिटली. बॅटरी काढून ती रात्रभर हळूहळू भरण्यास दिली, आणि सकाळीं आणून, कांहीं तास विसांवा देऊन मोजली, तों आंकडा आला १०.५. मुलाला विचारलें, "हा आंकडा तुला कांहीं सांगतो काय?" त्यानें थोडा विचार करून म्हटलें, "सर, पांच दुणे दहा आणि पांच वेळां शून्य पूर्णांक एक. पांच कप्पे आहेत, सहावा मेला." हें उत्तर आम्हांला परीक्षेंतील पुष्कळ उत्तरांहून अधिक आवडलें. मेलेल्या कप्प्याची बॅटरी कितीहि भरली तरी उपयोग नाहीं. वडिलांनीं नवी बॅटरी घातली. किल्ली फिरविली, इंजिन लागलें, स्टिअरिंग एकदां पूर्ण डावीकडे व एकदां पूर्ण उजवीकडे फिरविलें, आणि बॅटरी, स्टिअरिंग, एअरबॅग व किल्ली असे चार दिवे विझले. इंजिनाचा पिंवळा दिवा तेवढा राहिला होता. तो तिसऱ्या दिवशीं आपोआप गेला. दोष पुन्हां आढळला नाहीं अशी गाडीच्या तीन फेऱ्यांत खात्री करून घेतल्यावरच तो संगणक आपला दिवा मागें घेतो, म्हणून ही दिरंगाई.

राहिले दोन: ब्रेकचा तांबडा व ए. बी. एस. चा पिंवळा. जमलेल्या मंडळींचें म्हणणें असें पडलें कीं, पांच गेले तसे हेहि दोन दिवसांत जातील. कोणी म्हणाले, पात्रांत थोडें ब्रेक ऑइल ओता म्हणजे दिवा जाईल. तो खरोखरच गेला असता, आणि हेंच त्या सल्ल्यांतील विष होतें. ब्रेक ऑइल हें पेट्रोलसारखें खर्च होणारें नव्हे. तें बंद नळ्यांत असतें. ब्रेकचीं पातीं झिजतील तसतशी त्याची पातळी हळूहळू किंचित् उतरते एवढेंच. जी गाडी नऊ महिने हललीच नाहीं तिचीं पातीं झिजणार कोठून? मग तेल गेलें कोठें? हा प्रश्न त्या मुलानेंच विचारला. मागचें डावें चाक काढून पाहिल्यावर आंतील बाजू ओली आढळली. चाकाजवळच्या लहान सिलिंडरांतील रबराची वाटी वाळून कडक झाली होती व तिच्या कडेनें थेंब थेंब तेल झिरपत होतें. पुढच्या उजव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची तार उंदरानें कुरतडलेली सांपडली, ए. बी. एस. चा दिवा तिचा होता.

वेरूळचा रस्ता ज्यांनीं पाहिला आहे त्यांना दौलताबादचा घाट ठाऊक आहे. खुलताबादेहून उतरतांना सात प्रवासी भरलेल्या गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. पात्रांत तेल ओतून, दिवा विझवून ती गाडी त्या घाटांत गेली असती. रबराची वाटी बदलली, सर्व चाकांच्या नळ्यांतील हवा काढून जुनें ब्रेक ऑइलहि बदललें, तार जोडली. खर्च झाला तो संगणकाच्या किंमतीच्या मानानें फारच अल्प.

यावरून कामाचा क्रम ध्यानांत येईल. आधीं बॅटरी, कारण ती अशक्त असतांना बाकीच्या दिव्यांची साक्ष विश्वासार्ह नसते. बॅटरी पूर्ण भरून वा बदलून झाल्यावर जे दिवे राहतील ते खरें बोलत आहेत असें समजावें, व त्यांचें कारण सांपडेपर्यंत त्यांना विझवूं नये. याला अपवाद दोनच: तेलाचा दिवा व ब्रेकचा दिवा. यांच्या बाबतींत बॅटरीच्या परीक्षेचीहि वाट पाहूं नये. ते तांबडे असतील तर गाडी जागची हलवूं नये.

इंजिनाच्या पिंवळ्या दिव्याविषयीं थोडें अधिक सांगणें जरूर आहे. स्टिअरिंगच्या खालीं, गुडघ्याजवळ, सोळा छिद्रांचें एक तोंड असतें. अमेरिकेंत १९९६ सालापासून अशी योजना सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली, व पुढें ती आपल्याकडेहि आली. तेथें वाचक यंत्र लावलें कीं संगणकानें नोंदविलेली तक्रार अक्षर व आंकडे यांच्या रूपांत मिळते. उदाहरणार्थ, 'पी ०५६२' म्हणजे विजेचा दाब कमी. उभ्या गाडींत ही नोंद सर्रास आढळते. 'पी ०१७१' म्हणजे इंधनाच्या मानानें हवा अधिक. येथें एक सावधगिरी पाहिजे. ही नोंद लक्षण सांगते, रोग सांगत नाहीं. हवा अधिक आहे म्हणून हवा मोजणारा महाग सेन्सर बदलणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. पुढें निघाली ती उंदरानें भोंक पाडलेली रबराची नळी. ताप मोजणारी नळी ताप दाखविते. हिवताप कीं विषमज्वर हें ठरविण्यास वैद्यच लागतो. नोंदी पुसून टाकण्याची सोय त्या यंत्रांत असते. परंतु लिहून घेतल्यावांचून त्या पुसणें म्हणजे रोग्याचा कागद फाडून टाकणें होय. आणि हा दिवा स्थिर न राहतां लुकलुकूं लागला तर गाडी बाजूस घेऊन थांबावें. पेट्रोलच्या गाडींत त्याचा अर्थ असा कीं, सिलिंडरांत न जळलेलें इंधन बाहेर पडत असून धुराड्यांतील शुद्धीकरणाचें पात्र तापून नष्ट होण्याच्या मार्गावर आहे.

बाकीच्या दिव्यांसाठीं फार शब्द नकोत. टायरांतील हवा महिन्याकाठीं थोडी थोडी कमी होतच असते, तेव्हां टायरचा पिंवळा दिवा लागला तर हवा भरून पाहावें. उभ्या टायरांची खालची बाजू चपटी होऊन पहिले कांहीं मैल गाडी थरथरते तीहि बहुधा चालण्यानें जाते. डिझेलच्या गाड्यांत इंधनाच्या गाळणीखालीं पाणी सांचल्याची खूण असते. अर्धवट रिकाम्या टाकींत पावसाळ्याची दमट हवा थंड होऊन पाणी धरते, म्हणून आमच्याकडे सप्टेंबरनंतर ती पुष्कळदां दिसते. गाळणीचा खालचा पेंच सोडून पाणी काढून टाकावें. एअरबॅगचा दिवा बॅटरी सुधारूनहि राहिला तर घरीं कांहींएक करूं नये. आसनाखालीं दिसणारीं पिंवळीं जोडणीं मुलांनीं कुतूहलानेंहि ओढूं नयेत; त्यांच्या टोंकाला स्फोटक आहे.

शेजारच्या गाडीवरून वीज घेण्याची रीत पालकांपैकीं बहुतेकांस माहीत आहे, परंतु तिचा क्रम पुष्कळजण चुकवितात. दोन्ही गाड्या बंद असाव्या व एकमेकींस टेंकलेल्या नसाव्या. तांबडी तार आधीं आपल्या रिकाम्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग शेजाऱ्याच्या धन टर्मिनलला लावावी. काळी तार शेजाऱ्याच्या ऋण टर्मिनलला, आणि तिचें शेवटचें टोंक आपल्या बॅटरीला न लावतां, तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडास. कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि भरतांना बॅटरीतून जो वायु निघतो तो हैड्रोजन असतो. तो ठिणगीनें कसा पेटतो हें प्रयोगशाळेंत परीक्षानळीच्या तोंडाशीं तुम्हीं ऐकलेंच आहे. तारा उलट लागल्या तर मात्र जे संगणक नुसते बेशुद्ध होते ते खरोखरच मरतात. गाडी सुरू झाल्यावर दहा मिनिटें जागीं चालू ठेवून बॅटरी भरली असें समजूं नये. संथ फिरणारा अल्टरनेटर फार थोडी वीज देतो. रिकामी बॅटरी बाहेर काढून रात्रभर हळू भरणें हेंच खरें. आणि दार लोटलेल्या गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवणें ही गोष्ट हंवाळ्यांत सुद्धां, एक मिनिटहि, कोणी करूं नये. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी महिन्याहून अधिक काळ ठेवून जावयाचें असेल तर जातांनाच थोडी मेहनत घ्यावी. किल्लीवांचून उघडणाऱ्या कुलपांची गाडी असल्यास हाताची किल्ली जवळ आहे याची आधीं खात्री करून घ्यावी, आणि मग बॅटरीचें ऋण टर्मिनल सोडून त्यावर कापड गुंडाळावें. पांढरी भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा व कोमट पाणी यांनीं टर्मिनल पुसावें. टायरांत हवा नेहमीपेक्षां थोडी अधिक भरावी. डिझेलची टाकी भरून ठेवावी. हॅंडब्रेक ओढूं नये, कारण महिन्यांच्या दमट हवेनें पातीं चाकाला गंजून चिकटतात. गाडी गिअरमध्यें ठेवून चाकांच्या दोन्ही बाजूंस दगड लावावे. बॉनेटखालीं खाण्याची वस्तु, गोणपाट वा चिंध्या राहूं देऊं नयेत. घुशीउंदरांस तें आयतें घर होतें. आणि एका कागदावर ठळक अक्षरांत "बॅटरी सोडलेली आहे. चाकांना दगड आहेत. हॅंडब्रेक ओढलेला नाहीं. तेल पाहून मगच किल्ली फिरवावी" असें लिहून तो स्टिअरिंगला दोऱ्यानें बांधून ठेवावा. परत आल्यावर गाडी काढणारा माणूस दुसराच असण्याचा संभव असतो.